सात हजार रानगाढवे आणि एक चिलट

गुजरातमधल्या कच्छच्या छोट्या रणात २०२४ साली रानगाढवांची गणना झाली. आकडा आला ७,६७२. त्याआधीच्या, २०२० च्या गणनेत तो ६,०८२ होता. चार वर्षांत सव्वीस टक्के वाढ! वन्यजीवांच्या बाबतीत घटणारे आकडे वाचायची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की असा चढता आकडा दिसला की पेढे वाटावेसे वाटतात. मलाही वाटले. वनखात्याचे, स्थानिक लोकांचे आणि खुद्द त्या प्राण्याच्या चिवटपणाचे कौतुक करायलाच हवे.

पण पेढा तोंडात टाकण्याआधी जुन्या वहीतले दोन आकडे पाहावेत. १९४६ मध्ये सालिम अली यांनी या भागात तीन ते पाच हजार रानगाढवे असावीत, असा अंदाज केला होता. १९६९ च्या गणनेत सापडली ३६२. जेमतेम तेवीस वर्षांत एवढी घसरण. ती शिकाऱ्यांनी केली नाही. या प्राण्याला तिथे फारसे कोणी मारत नव्हते, आजही मारत नाही. त्या काळात दोन साथी येऊन गेल्या. १९५८ च्या सुमारास ‘सर्रा’ची आणि १९६० च्या आसपास ‘आफ्रिकन हॉर्स सिकनेस’ची. पहिली पसरवतात चावऱ्या माश्या आणि दुसरी पसरवते टाचणीच्या डोक्याएवढे चिलट.

या दोन्ही माश्या-चिलटे आजही तिथेच आहेत. आणि जगातली या उपजातीची यच्चयावत रानगाढवेही तिथेच, छोटे रण आणि त्याला लागून असलेल्या मुलखात आहेत. माझी काळजी एवढीच आहे, आणि ती ७,६७२ या आकड्याने कमी होत नाही.

आधी या प्राण्याची नीट ओळख करून घेऊ, कारण नावानेच त्याचे निम्मे नुकसान केले आहे. गुजरातीत त्याला ‘घुडखर’ म्हणतात. घुड म्हणजे घोडा, खर म्हणजे गाढव. आपल्याकडे ‘गाढव’ हा शब्द शिवी म्हणून जितका वापरला जातो तितका प्राण्यासाठी वापरला जात नसेल. महाराष्ट्र-गोव्यात सापडणाऱ्या गद्धेगाळांवर तर मध्ययुगापासून गाढवाची शिवीच दगडात कोरून ठेवली आहे. त्यामुळे ‘रानगाढव’ म्हटले की कुंभाराचे सुटलेले गाढव डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात ओझे वाहणाऱ्या पाळीव गाढवाचे पूर्वज आफ्रिकेतले रानगाढव. घुडखर आशियाई रानगाढवाची उपजात. दोघे चुलत घराण्यांतले म्हणता येतील, पण घुडखर कधीच कोणाच्या दावणीला बांधला गेला नाही. तांबूस-बदामी अंग, पांढरे पोट, मानेपासून शेपटीपर्यंत पाठीवर एक गडद पट्टा, आणि ताशी सत्तर किलोमीटरपर्यंत जाणारी धाव. रणात तो धावताना पाहिला तर ‘गाढव’ हा शब्द तोंडात येत नाही.

घोडा, गाढव, झेब्रा हे सगळे एकाच प्रजातीचे, शास्त्रीय भाषेत ‘इक्वस’. या घराण्यात आज रानटी अवस्थेत सातच जाती उरल्या आहेत : तीन झेब्रे, तीन रानगाढवे आणि मंगोलियातला ताखी नावाचा रानघोडा. घराणे मूळचे उत्तर अमेरिकेतले. तिथून ते आशियात, युरोपात, आफ्रिकेत पसरले आणि मूळ घरात मात्र सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी नष्ट झाले. (अमेरिकेतले प्रसिद्ध मस्टँग रानघोडे म्हणजे स्पॅनिश लोकांनी नेलेल्या पाळीव घोड्यांचे मोकाट वंशज आहेत.) आपल्याकडेही शिवालिकच्या टेकड्यांत आणि नर्मदेच्या खोऱ्यात प्राचीन घोड्यांचे जीवाश्म सापडतात. या सात भावंडांची गुणसूत्रे मोजली तर गंमत दिसते. पहाडी झेब्र्यात ३२, ताखीत ६६, बाकीचे मध्ये कुठेतरी. तरीही त्यांच्यात आपापसांत संकर होऊ शकतो. फक्त संतती बहुधा खेचरासारखी वांझ निघते.

यांचे पोट पाहण्यासारखे असते. गाय-म्हैस चारा पोटात मुरवतात, पुन्हा तोंडात आणून रवंथ करतात. घोड्याच्या कुळात ते नाही. त्यांचे आंबवणे होते ते मागे, मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या मोठ्या पिशवीत. त्यामुळे चाऱ्यातले सत्त्व गाईइतके पुरते निघत नाही, पण चारा झपाट्याने पुढे सरकतो. म्हणजे निकस गवत असले तरी चालते, फक्त ते भरपूर खावे लागते आणि दिवसाचा बहुतेक वेळ चरावे लागते. गाय ज्या गवतावर उपाशी मरेल त्यावर रानगाढव जगू शकते, ते यामुळे. छोट्या रणासारख्या ओसाड जागी तो टिकून आहे, त्यामागे ही आतड्याची व्यवस्था आहे.

संसाराच्या पद्धतीही दोन. ताखी, साधा झेब्रा आणि पहाडी झेब्रा यांच्यात एक नर, काही माद्या आणि शिंगरे असे बांधलेले कुटुंब असते, वर्षानुवर्षे टिकणारे. ग्रेवी झेब्रा आणि रानगाढवे यांच्यात असे कुटुंब नसते. नर आपापला इलाखा धरून उभे राहतात, माद्या येतात-जातात, आज एकीच्या सोबत तर उद्या दुसरीच्या. असे का, याचे प्रिन्स्टन विद्यापीठाचे डॅनिएल रुबेन्स्टाइन यांनी दिलेले स्पष्टीकरण मला फार आवडते, कारण ते पाण्यापासून सुरू होते. रखरखीत प्रदेशात गवत एकीकडे आणि पाणी दुसरीकडे असते. दूध पाजणाऱ्या मादीला जवळजवळ रोज पाण्यावर यावेच लागते; जिला शिंगरू नाही ती दोन-चार दिवस पाण्याविना काढते आणि लांब चांगल्या चराईवर जाते. मग दोघी एका कळपात राहणार कशा? पाणी आणि चारा जवळजवळ असेल तिथे कुटुंब टिकते, लांब असेल तिथे विस्कटते. उन्हाळ्यात टँकरच्या वेळेवर घर चालवणाऱ्या मराठवाड्यातल्या बाईला हे पुस्तकातून समजून घ्यावे लागणार नाही.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत बजाणाच्या बाजूने रणात गेलो होतो. जमीन टेबलासारखी सपाट, भेगाळलेली, वर मिठाचा पांढुरका पापुद्रा. पावसाळ्यात हेच सगळे पाण्याखाली जाते आणि तिथल्या भाषेत ज्यांना ‘बेट’ म्हणतात ते उंचवटे तेवढे कोरडे राहतात. रानगाढवे तिथे जमतात. एक नर एकटाच उभा होता. आमची जीप थांबली तरी हलला नाही. अर्ध्या किलोमीटरवर चार माद्या आणि दोन शिंगरे चालली होती, पाण्याच्या दिशेने. थोड्याच अंतरावर मिठागर, अगरियांची ताडपत्रीची झोपडी, सौर पंप. उरण-पेणच्या आगरी समाजाचे आणि यांचे नाव एकाच ‘आगर’ या शब्दातून आलेले. तिथल्या माणसाने सांगितले, “जनावर रोज दिसते, त्याचा त्रास नाही. त्रास शेतीवाल्यांना.” खरे आहे. नर्मदेचे पाणी आले, रणाच्या काठाने शेती वाढली, आणि रात्री रानगाढवे पिकात शिरू लागली. वेडी बाभूळही वाढली. गुजरातीतही तिला वेडी म्हणणारेच नाव आहे, ‘गांडो बावळ’. रानगाढवे तिच्या शेंगा खातात आणि शेणातून बी सगळीकडे पेरतात. एकंदरीत, वाढती संख्या ही त्या भागातल्या शेतकऱ्यासाठी निव्वळ आनंदाची बातमी नाही. नुकसानभरपाई वेळेत मिळाली नाही तर आज शांत असलेला हा संबंध बिघडायला वेळ लागणार नाही. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मी वळतो माश्यांकडे.

सर्रा हा रोग रक्तात पोहणाऱ्या ‘ट्रिपॅनोसोमा’ नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होतो. ब्रिटिश पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये डेरा इस्माइल खान इथे घोडे आणि उंटांच्या रक्तात तो शोधला. रोग निर्माण करणारा ट्रिपॅनोसोमा जगात प्रथम सापडला तो असा, आपल्याच उपखंडात. आणि या रोगाच्या नावाचे मूळ इंग्रजी शब्दकोश मराठीत देतात : नाकपुड्यांतून जोराने निघणाऱ्या श्वासाचा ‘सूर’. धापा टाकणारे जनावर पाहून कोण्या मराठी माणसाने दिलेले हे नाव जगभरच्या पशुवैद्यकाने उचलले. रोगी जनावराला चढउतार करणारा ताप येतो, रक्त आटते, पाय सुजतात, अंग खंगत जाते. घोडा वाचणे कठीण.

माणसाला सर्रा होत नाही, असे पूर्वी ठामपणे सांगितले जाई. २००४ मध्ये विदर्भातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला आणि जगातला पहिला खात्रीलायक मानवी रुग्ण म्हणून त्याची नोंद झाली. माणसाच्या रक्तात या परजीवीला मारणारे एक प्रथिन असते. त्या शेतकऱ्यात ते जन्मतःच नव्हते, असे पुढे २००६ मध्ये दाखवले गेले. उपचारांनी तो बरा झाला. ही घटना अपवादात्मक आहे, त्यामुळे घाबरून जायचे कारण नाही. पण ‘हा जनावरांचा रोग, आपला काय संबंध’ असे म्हणणाऱ्याने ती लक्षात ठेवावी.

सर्रा पसरवणाऱ्या घोडमाश्या एका जनावराचे रक्त पिताना हुसकावल्या गेल्या की दुसऱ्यावर बसतात आणि तोंडाला लागलेले रक्त तिथे पोहोचवतात. झेब्र्याच्या पट्ट्यांचे कोडेही बहुधा याच माश्यांनी सोडवले आहे. पट्टे सिंहाला चकवण्यासाठी असतात, हे आपण शाळेत शिकलो. कॅलिफोर्नियाच्या टिम कॅरो यांनी आणि सहकाऱ्यांनी घोड्यांना पांढरी, काळी आणि पट्ट्यापट्ट्यांची झूल घालून पाहिली. २०१९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले, की घोडमाश्या तिन्हींजवळ सारख्याच घोंघावतात, पण पट्ट्यांवर त्यांना धड उतरता येत नाही. वेग कमी न करताच त्या येतात आणि आपटून किंवा वळून जातात. जपानमधल्या संशोधकांनी त्याच वर्षी काळ्या गाईंवर पांढरे पट्टे रंगवले आणि चावणाऱ्या माश्या जवळजवळ निम्म्याने घटल्या. या गाई रंगवणाऱ्यांना २०२५ चे गमतीचे ‘इग नोबेल’ही मिळाले. हसून सोडून द्यायची ही गोष्ट नाही. आफ्रिकेत घोड्याच्या कुळाला माश्या-चिलटांनी आणलेल्या रोगांचा जाच इतका होता, की उत्क्रांतीने एका अख्ख्या घराण्याच्या अंगावर पट्टे ओढले. आशियातल्या भावंडांना ते मिळाले नाहीत. घुडखराकडे आहे तो पाठीवरचा एकच पट्टा. त्याने माशी काही चकत नाही.

आता दुसरा रोग, जो मला जास्त भीतिदायक वाटतो. आफ्रिकन हॉर्स सिकनेसचा विषाणू ‘क्युलिकॉइडिस’ नावाच्या चिलटांतून जातो. मेंढ्यांना ‘ब्लू टंग’ देणारी चिलटे ती हीच, आणि आपल्याकडे ती भरपूर आहेत. घोड्याला लागण झाली की डोळ्यांवरच्या खोबणी सुजतात, फुप्फुसांत पाणी भरते, नाकातून फेस येतो, आणि अनेकदा काही तासांत जनावर कोसळते. लागण झालेल्या घोड्यांपैकी नव्वद टक्क्यांपर्यंत मरू शकतात. खेचरे त्याहून कमी, गाढवे आणखी कमी. आणि झेब्र्याला सहसा काहीच होत नाही. त्याच्या रक्तात विषाणू चाळीस दिवसांपर्यंत राहू शकतो आणि तो मात्र मजेत चरत असतो. हजारो वर्षांच्या सहवासाने दोघांनी जमवून घेतले आहे.

यातून काय घडू शकते, ते दोनदा दिसले आहे. १९८७ मध्ये स्पेनमधल्या एका सफारी पार्कसाठी नामिबियातून झेब्रे आणले. त्यांच्यासोबत विषाणू आला आणि स्पेनमध्ये ही साथ १९९० पर्यंत रेंगाळली. २०२० मध्ये थायलंडमध्ये, जिथे हा रोग कधीच नव्हता, शेकडो घोडे मेले. संशय आयात केलेल्या झेब्र्यांवर गेला. त्याआधी १९५९ ते १९६१ या काळात हा रोग इराण-पाकिस्तानमार्गे भारतापर्यंत पोहोचला होता आणि पश्चिम व दक्षिण आशियात तीन लाखांहून अधिक घोडे, गाढवे, खेचरे मेली होती. छोट्या रणातली रानगाढवे याच तडाख्यात सापडली. १९६० च्या दशकानंतर हा रोग भारतात दिसलेला नाही. पण चिलटाला पासपोर्ट लागत नाही. वाऱ्यावर ते शेकडो किलोमीटर जाते. ब्लू टंगचा विषाणू २००६ मध्ये नेदरलँड्स, जर्मनीसारख्या थंड देशांत जाऊन पोहोचला, तो याच जातकुळीच्या चिलटांतून.

म्हणून माझे म्हणणे तीन गोष्टींपुरते आहे, आणि त्यातली पहिली सगळ्यांत महत्त्वाची : घुडखराला दुसरे घर हवे. एका रणात सात हजार असण्यापेक्षा तीन ठिकाणी मिळून सहा हजार असणे मी पसंत करीन.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की ती एका ठिकाणी कुठे आहेत? सुरेंद्रनगर, कच्छ, पाटण, बनासकांठा, मोरबी अशा जिल्ह्यांत पसरलेली आहेत, अहमदाबादेतही सात मोजली गेली. पण हे सगळे जिल्हे एकाच रणाचे काठ आहेत. जिल्ह्याच्या सीमा महसूल खात्याला ठाऊक, चिलटाला नाही. एकेकाळी घुडखर सिंध, बलुचिस्तान, राजस्थानपर्यंत होता. तो परीघ आटत आटत या एका ताटलीएवढा उरला.

मंगोलियातल्या ताखीची गोष्ट इथे आठवते. १९६९ नंतर तो रानात कोणालाही दिसला नाही. आज जगात असलेले सगळे ताखी, रानातून पकडून प्राणिसंग्रहालयांत ठेवलेल्या बारा जनावरांचे वंशज आहेत. काहींत थोडे पाळीव घोड्याचे रक्त मिसळलेले. १९९२ पासून त्यांना मंगोलियात परत सोडायला सुरुवात झाली. गोबीतल्या ताखिन ताल इथे २००९ च्या अखेरीस १३७ ताखी होते. त्या हिवाळ्यात ‘झुड’ आला. उन्हाळी दुष्काळानंतरच्या भयंकर बर्फाळ हिवाळ्याला मंगोलियन लोक हे नाव देतात. वसंतात उरले ४८. आणि त्याच गोबीत, त्याच हिवाळ्यात, तिथली आशियाई रानगाढवे फारशी मेली नाहीत. ताखी आपल्या ओळखीच्या छोट्या टापूत थांबले. रानगाढवे वादळाच्या वाटेतून उठून दूर निघून गेली. ती जाऊ शकली, कारण जायला जागा होती.

आपल्या घुडखराला जायला जागा कोणती? कालवे, रस्ते, कुंपणे, कारखाने. राजस्थानच्या जालोर भागात काही जनावरे अधूनमधून पोहोचतात, म्हणजे प्रयत्न त्यांचा त्यांनी चालवला आहे. पश्चिम राजस्थानात योग्य जागा आहेत. आशियाई रानगाढवांचे पुनर्वसन अशक्य नाही, हे इस्रायलने नेगेव्ह वाळवंटात दाखवले आहे : १९८२ ते १९८७ या काळात तिथे २८ जनावरे सोडली, आज तिथे काही शे आहेत. जनावर पकडताना, वाहून नेताना काही दगावतात, हा धोका खरा आहे. सात हजारांतून चाळीस-पन्नास नेताना तो पत्करता येतो. ३६२ उरलेली असताना पत्करता येत नाही. नेमकी हीच वेळ आहे, असे मला वाटते ते यामुळे. आकडा चांगला असताना हालचाल करायची असते. आपण मात्र आकडा चांगला आहे म्हणून निवांत बसतो.

खरी अडचण प्राणिशास्त्राची नाही, अस्मितेची आहे. गीरच्या सिंहांना मध्य प्रदेशातल्या कुनोत हलवा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. एकही सिंह हलला नाही. २०१८ मध्ये गीरमध्ये कॅनाइन डिस्टेंपर विषाणूच्या साथीत वीसहून अधिक सिंह मेले. सेरेंगेटीत १९९४ मध्ये याच विषाणूने सुमारे हजार सिंह नेले होते. कुनोत पुढे २०२२ मध्ये नामिबियातून चित्ते आले, समुद्र ओलांडून, विमानाने. एका राज्यातून शेजारच्या राज्यात ट्रकने जाणे मात्र जमत नाही. ‘आमचा प्राणी’ ही भावना संरक्षणाला बळ देते, हे मी नाकारत नाही; गुजरातने १९७३ मध्ये जवळजवळ पाच हजार चौरस किलोमीटरचे अभयारण्य घुडखरासाठी राखले नसते तर हा लेख भूतकाळात लिहावा लागला असता. पण आपला आहे म्हणून तो कायम आपल्याच अंगणात राहायला हवा, हा हट्ट त्याच्या मुळावर येऊ शकतो.

दुसरी गोष्ट आजारांच्या पाळतीची. रणाच्या काठच्या गावांत घोडे, गाढवे, उंट आहेत. त्यांचे रक्त तपासणे पशुसंवर्धन खात्याचे काम, रानगाढवांची काळजी वनखात्याची. दोन्ही खात्यांची नोंदवही एक असायला हवी. हिसारला घोड्यांच्या रोगांवर काम करणारे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. तज्ज्ञ मंडळी परदेशातून आणायची नाहीत. केनियातले उदाहरण घ्या. ग्रेवी झेब्रे जगात आता जेमतेम अडीच-तीन हजार उरले आहेत. २००५-०६ मध्ये सांबुरु भागात काळपुळीची, म्हणजे अँथ्रॅक्सची साथ आली, पन्नासहून अधिक ग्रेवी झेब्रे मेले. तिथल्या पशुवैद्यांनी मोकळ्या रानात सहाशेहून अधिक झेब्र्यांना लस टोचली आणि आजूबाजूच्या पाळीव जनावरांनाही. साथ ओळखणारा माणूस जागेवर होता म्हणून हे झाले. आपल्याकडे महाराष्ट्रातच २००६ मध्ये घोड्यांमध्ये ग्लँडर्स पुन्हा उफाळला होता, तेव्हा घोड्यांच्या नोंदी नसल्या की काय धावपळ होते ते संबंधितांनी अनुभवले आहे. ग्लँडर्स तर माणसालाही होतो.

तिसरी गोष्ट झेब्र्यांची, आणि ती काहींना रुचणार नाही. देशात नवी प्राणिसंग्रहालये उभी राहत आहेत, जुनी नटवली जात आहेत, आणि झेब्रा हा त्यांचा लाडका पाहुणा. मुलांना तो आवडतो, हे कबूल. पण हा विषाणू ज्या खंडात वस्तीला आहे तिथून झेब्रा आणणे पूर्णपणे बंद असावे. रोगमुक्त देशात जन्मलेलाच आणावा, तोही कीटकरोधक जाळीच्या आवारात किमान चाळीस दिवस ठेवून आणि दोनदा रक्त तपासून. आणि गुजरात-राजस्थानात तर मुळीच नको. लस आहेच की, असे कोणी म्हणेल. प्रचलित लस जिवंत विषाणूची आहे. रोग नसलेल्या देशात ती आधीच टोचत सुटणे म्हणजे विषाणूला आपणच आमंत्रण देणे.

क्लोनिंग आहे ना, हेही ऐकायला मिळते. १९८० मध्ये गोठवून ठेवलेल्या एका ताखी नराच्या पेशींपासून २०२० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत ‘कर्ट’ नावाचे शिंगरू जन्मले, २०२३ मध्ये दुसरे. चाळीस वर्षांपूर्वी हरवत चाललेली जनुके परत आली, हे विलक्षण काम आहे. घुडखराच्या पेशीही आजच गोठवून ठेवाव्यात, खर्च फार नाही. पण बारा पूर्वजांवर येऊन ठेपलेल्या प्राण्यासाठी केलेली ती धडपड आहे. आजचे सात हजार घुडखरही १९६९ च्या मूठभर जनावरांचीच संतती आहेत. त्यांच्या प्रतिकारशक्तीत विविधता किती उरली असेल, याचा अंदाज कोणीही करावा.

चिलटांचा जोर पावसाळा सरता सरता वाढतो. रण तेव्हा पाण्याखाली असते, रानगाढवे बेटांवर दाटीने उभी असतात आणि डबक्यांच्या काठचा ओला चिखल चिलटांना अंडी घालायला मिळतो. गणना मात्र कोरड्या दिवसांत, जीप धावू शकतील तेव्हा होते. पुढच्या गणनेत डोकी मोजण्याबरोबर काही शे रक्ताचे नमुने घेतले आणि राजस्थानात सोडलेल्या जनावरांसाठी तक्त्यात एक वेगळा रकाना करावा लागला, तर त्या बातमीचे पेढे मी स्वतः आणीन.